तिकिटावरचा उत्तम

टपालाच्या तिकिटावर शिक्का कसा मारावा, यावर मी एक तास न थांबता बोलू शकतो. ऐकणारा मात्र पाहिजे, आणि तो आता मिळत नाही. सकाळी दूधवाला येतो, त्याला पुढची घरं उरकायची असतात. दुपारी समोरच्या ओट्यावर दोन-तीन पेन्शनर बसतात, पण ते कोर्टातले. त्यांच्याजवळ खुनाचे किस्से आहेत, तिथे माझ्या शिक्क्याला कोण विचारतो? म्हणून दिवाळी अंकाच्या संपादकांचं 'नोकरीतलं काही लिहा' असं पत्र आलं, तेव्हा मी ते दोनदा वाचलं. आयुष्यभर लोकांची पत्रं वाटली. माझ्या स्वतःच्या नावाचं पत्र म्हणजे वर्षाकाठी एखादं, तेही बहुधा खात्याचं आणि खुलासा मागणारं.

कुठे लागलो, कुठे बदली झाली, बढती कशी हुकली, हे सांगत बसत नाही. ते प्रत्येकाचं सारखंच असतं. एका तिकिटाची गोष्ट सांगतो. तिच्यात माझी एक चूक आहे, तीही सांगतो. ती कुठल्याही फायलीत नाही. शिक्क्यावरून मिळालेला एक शेरा सोडला, तर खात्याच्या लेखी मी स्वच्छ माणूस आहे.

आधी तिकिटांचं थोडं समजून घ्या. रोजची तिकिटं वेगळी आणि प्रसंगाची वेगळी. रोजचं तिकीट वर्षानुवर्षं तेच छापतात. प्रसंगाचं तिकीट एखाद्या थोर माणसाच्या किंवा घटनेच्या सन्मानार्थ काढतात. ते एकदाच छापलं जातं. संपलं की संपलं. आकारानं मोठं, रंगानं छान. ते आमच्याकडे तावावर येतं, म्हणजे एका मोठ्या कागदावर ओळीनं तीच तिकिटं, मध्ये छिद्रांच्या रेघा. शहरात अशा तिकिटांसाठी रांगा लागतात म्हणे. खेड्यात उलटं. "मास्तर, हे चालते ना? नाईतं बैरंग व्हायचं, घेनाऱ्याले दंड पडायचा," असं म्हणून लोक रोजचंच तिकीट मागून घेत. सरकारनं सन्मान केला म्हणजे त्यात काहीतरी काळंबेरं असणार, असा आमच्या भागातला रोकडा हिशेब.

अपवाद एकच, बुलढाण्याचे एक वकील. त्यांना तिकिटं आणि गावोगावच्या पोस्टांचे शिक्के जमवायचा नाद होता. प्रत्येक नवं तिकीट निघालं की त्यांचं स्वतःच्याच पत्त्यावरचं कोरं पाकीट माझ्याकडे यायचं. सोबत चिठ्ठी: 'शिक्का तिकिटाच्या डाव्या कोपऱ्यावर, वर्तुळ पूर्ण उमटावं, शाई फुटू नये.' मी हसायचो, पण मारायचो मात्र तसाच. शाईची गादी आदल्या संध्याकाळी भिजवून ठेवायची, शिक्का सरळ धरायचा, मनगट ढिलं सोडायचं आणि मारून लगेच उचलायचा. वकील उत्तरात कधी 'उत्तम' लिहीत, कधी 'ठीक'. त्या एका शब्दाची मी आठवडाभर वाट पाहायचो, हे आता कबूल करायला हरकत नाही.

मी तेव्हा डोणगावहून आत जाणाऱ्या रस्त्यावरच्या एका गावात सब-पोस्टमास्तर होतो. गावाचं नाव लिहीत नाही. महाराष्ट्र होऊन थोडीच वर्षं झाली होती. कचेरीच्या पाटीवर नवा रंग होता आणि आत छप्पर तेच, गळकं. पुढच्या खोलीत पोस्ट, मागच्या खोलीत मी. बायको लग्नाच्या तिसऱ्या वर्षी गेली होती, मूलबाळ नव्हतं. घरचे दुसऱ्या लग्नासाठी मागे लागले, तेव्हा मी बदली मागून घेतली. अकराच्या एस.टी.नं थैली यायची. चार वाजता थैली जायची. चारनंतर त्या गावात माझ्याशी बोलायचं कोणाला काही कारण नसे. स्टोव्हवर भात शिजेपर्यंत मी तिकिटांच्या तावावरची छिद्रं मोजायचो, इतका वेळ असायचा.

सुभद्राबाई माझ्याकडे पहिल्यांदा आल्या त्या पत्र लिहून घ्यायला. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, जमीन असून नसल्यासारखी, एकुलता एक मुलगा उत्तम फौजेत. फौजेच्या पत्त्यात गाव नसतं, नुसते आकडे असतात. बाईंना ते पटत नसे. "मास्तर, गावाचं नावच नाई तं पत्र कोठी जाईन?" मी म्हणायचो, जातं बरोबर. मजकूर ठरलेला. म्हशीनं दूध कमी केलं. शेजारच्या लिंबाची फांदी आपल्या घरावर आली. तुले थंडी वाजते का. मग त्या थांबायच्या, इकडेतिकडे बघायच्या आणि म्हणायच्या, "अन् लिवा, सुट्टी कधी हाय."

लिहिताना मी त्यांना बोलतं करायचो. उत्तमचे कान सुपासारखे पुढे आलेले, शाळेत पोरं 'सुपड्या' म्हणत. तो सहा वर्षांचा असताना गोऱ्ह्यानं शिंग मारलं, डाव्या भुवईच्या वर खोक पडली. बाईंनी चिमूटभर हळद भरून फडकं बांधलं आणि दोन कोस चालत दवाखान्यात नेलं. ती खूण राहिली ती राहिलीच. "रागावला की ती खूण पांढरी व्हते," असं त्या सांगायच्या. मी उत्तमला कधी पाहिलं नाही, तो माझ्या आधीच भरती झालेला. तरी वर्षभरात मला तो चांगला ओळखीचा झाला.

मग पाकिस्तानशी लढाई झाली. तार माझ्याच हातात आली. तार वाचून दाखवायचं काम पोस्टमन करत नाही, पोस्टमास्तर करतो. तसा नियम नाही, पण खेड्यात तसंच असतं. मी सदरा बदलला आणि गेलो. त्या दिवसाचं आणखी काही लिहीत नाही.

पुढे उत्तमची लोखंडी पेटी आली. घोंगडी, दाढीचं सामान, एक आरसा, बाईंनी पाठवलेली आणि मी लिहिलेली पत्रं. फोटो नव्हता. घरी एक होता, मेहकरच्या जत्रेत काढलेला, काचेच्या चौकटीत. तार आल्यावर बाईंनी तो भिंतीवरून उतरवला, तर आत नुसती माती. वाळवीनं पाठीमागून सगळा खाल्ला होता. वरची काच शाबूत असल्यानं कधी कळलंच नाही.

लढाईनंतर काही महिन्यांनी जवानांच्या सन्मानार्थ तिकीट निघालं. लोखंडी टोप घातलेला जवान, मागे विमानं. चेहरा हरभऱ्याच्या दाण्याएवढा. त्याचे ताव आले त्या दिवशी सुभद्राबाई काउंटरवर होत्या. कशाला आल्या होत्या आठवत नाही. पत्र लिहायला कोणी उरलं नव्हतं, तरी त्या यायच्या. मी ताव उघडला आणि जाळीतून त्यांनी बोट आत घातलं.

"मास्तर, हा उत्तम व्हय."

मी ताव सरळ करून काउंटरवर पसरला.

"उत्तमच हाय. पाहा ना, उभा कसा हाय. मान पाहा त्याची. सरकारनं काढला व्हय त्याचा फोटो?"

खरं उत्तर सोपं होतं. बाई, हे चित्र आहे, चित्रकारानं काढलेलं, हा कोणाचाच मुलगा नाही. मी म्हणालो, "असेल, सुभद्राबाई."

त्या शब्दाला काय लागतं? नुसती जीभ हलवायची. त्यांनी एक तिकीट घेतलं, पदराच्या टोकाला बांधलं आणि त्या घरी गेल्या. मला तेव्हा वाटलं, मी फार चांगलं काम केलं.

त्या दिवसापासून त्या रोज येऊ लागल्या. दुपारी काउंटर बंद झालं की पायरीवर बसायच्या. कधी फडक्यात भाकर आणि ठेचा असायचा. "एकटा माणूस काय शिजवून खात असन," असं म्हणून माझ्यासमोर ठेवायच्या. मग उत्तमचं बोलणं. मी ऐकायचो, मध्ये विचारायचो. माझ्याकडे कामावाचून येणारं माणूस गावात तेवढं एकच. दुपार होत आली की मी पायरी झाडून ठेवायला लागलो.

एक दिवस त्यांनी पाहिलं की मी जवानाच्या तिकिटावर शिक्का मारतोय. त्यांचा चेहरा उतरला. "त्याच्या तोंडावर नका मारू, मास्तर." मी नियम सांगितला: तिकीट एकदा वापरलं हे कळावं म्हणून ते बिघडवायचंच असतं. त्या ऐकून उठून गेल्या. दुसऱ्या दिवसापासून मी त्या तिकिटांवर शिक्का कोपऱ्यावर मारू लागलो, वकिलांच्या पाकिटावर मारायचो तसा. टोपापासून दूर, अर्धं वर्तुळ तिकिटावर आणि अर्धं कागदावर. पुढे तपासणीला साहेब आले, त्यांनी गठ्ठ्यातली चार पत्रं उचलली आणि विचारलं, "हे काय? नक्षी काढता का?" खुलासा द्यावा लागला. मी लिहिलं, 'मनगट दुखत असल्यामुळे.' साहेबांनी शेरा मारला, पण शिक्का मी कोपऱ्यावरच मारत राहिलो. मला त्याचा अभिमान होता. एका आईसाठी मी खात्याचा शेरा घेतला, असं मी रात्री अंथरुणावर पडून स्वतःलाच सांगायचो. दुसरं कोण होतं सांगायला?

त्यानंतर टाक आला. आमच्याकडे घरातलं माणूस गेलं की त्याचा टाक करून देव्हाऱ्यात बसवतात. टाक म्हणजे चांदीचा लहानसा पत्रा, त्यावर ठोकून उठवलेली आकृती. लढाईत गेला तर वीर, घोड्यावर बसलेला, हातात तलवार. सोनाराचा ठसा ठरलेला असतो. सगळ्या घरचे वीर एकाच तोंडवळ्याचे. सुभद्राबाईंनी ते मानलं नाही. बाजाराच्या दिवशी सोनारापुढे तिकीट ठेवून म्हणाल्या, "घोडा नको. असा पायजे." सोनार मला म्हणाला, "मास्तर, जलमात पहिल्यांदा टोपवाला वीर ठोकून राह्यलो." पण त्यानं केला, आणि चांगला केला. तिकिटावरचा जवान चांदीत उठून आला. कान टोपाखाली, कपाळ टोपाखाली. बाई रोज त्याला आंघोळ घालायच्या, हळदकुंकू वाहायच्या, आधी त्याला नैवेद्य आणि मग माझी भाकर.

आता अनुसयाबाईंचं सांगितलं पाहिजे. त्या गावातल्या बौद्ध वस्तीतल्या. त्यांचाही मुलगा त्याच लढाईत गेला. मजुरी करणारी बाई, पण मनीऑर्डरीच्या कागदावर अंगठा कधी दिला नाही. भावाकडून सही शिकली होती. भाऊ मोताळ्याकडे शाळामास्तर. एके दिवशी सही करून झाल्यावर त्या जाळीपाशी थांबल्या.

"मास्तर, सुभद्रा म्हणते तिकिटावर तिचा उत्तम हाय. तुमी सांगतलं म्हणे."

"मी असेल म्हणालो."

"असन म्हणल्यानं पोरगं व्हते का?" आवाज चढलेला नव्हता. "माह्याबी घरात फोटो नव्हता. माह्या भावानं फौजेच्या हापिसात अर्ज केला. भरतीच्या टायमाले फोटो काढेल असते तेथी. त्याईनं धाडला. आता बुद्धाच्या तसबिरीजवळ लावला म्या. पाह्यला की रडू येते, पण माहाच हाय तो. तिच्यासाठी तुमी लिवा. तुमाले तं विंग्रजी येते."

मी म्हणालो, लिहितो.

अर्ज म्हणजे अर्ध्या पानाचं काम. नंबर मला पाठ, पत्ता ठाऊक, कागद खात्याचा. आज लिहू, उद्या लिहू करत मी तो लिहिला नाही. थैलीची घाई आहे, महिनाअखेर आहे, तपासणी आहे, अशी कारणं स्वतःला देत राहिलो. खरं कारण मला तेव्हाही माहीत होतं. फोटो आला की सुभद्राबाईंना कळणार, तिकिटावरचा उत्तम नव्हे. मास्तर खोटं बोलले, हेही कळणार. मग त्या पायरीवर येणार नाहीत. दुपारचे ते दोन तास मला पुन्हा छिद्रं मोजत काढावे लागतील. एका आईचा मुलगा मी माझ्या दुपारींसाठी अडकवून ठेवला होता. हे वाक्य लिहायला मला इतकी वर्षं लागली.

अनुसयाबाई अधूनमधून विचारायच्या. "लिवलं का, मास्तर?" मी मान हलवायचो, ती हो पण नाही आणि नाही पण नाही अशी. दोन दिवाळ्या गेल्या. जवानाचं तिकीट संपलं, दुसरी आली. एका सकाळी अनुसयाबाईंनी जाळीतून एक कोरा कागद आत सरकवला. "भावाचा हाय. तुमच्यापाशी कागद नसन म्हणून आणला." त्या तिथेच उभ्या राहिल्या. मागे तिघे-चौघे होते. मी लिहिला, त्यांच्यासमोर पाकिटात घातला, शिक्का मारला. मगच त्या गेल्या.

उत्तर यायला जवळपास वर्ष लागलं. रजिस्टर पाकीट, आत पुठ्ठा असल्याचं हाताला कळत होतं. रजिस्टर पोस्टमननं वाटायचं असतं, पण ते मी त्याला दिलं नाही. चारची थैली गेल्यावर पाकीट आणि पावतीचं पुस्तक घेऊन मीच निघालो. तार घेऊन गेलो होतो त्याच रस्त्यानं.

सुभद्राबाईंनी गुळाचा चहा ठेवला. खोली एकच. कोपऱ्यात देव्हारा, त्यात टाक. रोज घासून घासून तो लख्ख झाला होता. अंगठा घेतला, पाकीट त्यांच्यादेखत फाडलं आणि फोटो त्यांच्या हातात दिला. त्यांची नजर चांगली होती, हे इथे सांगितलं पाहिजे. त्या वयातही सुईत दोरा स्वतः ओवायच्या.

फोटोतला मुलगा बोडका होता. केस बारीक कापलेले, डोळे जरा घाबरलेले, कान पुढे. डाव्या भुवईच्या वर खूण. मी त्याला त्या दिवशी पहिल्यांदा पाहिलं आणि बाजारात दिसला असता तरी ओळखला असता.

बाईंनी फोटो उजेडाला धरला. "चांगल्या घरचं दिसते पोरगं. कोण व्हय?"

"उत्तम आहे, सुभद्राबाई."

त्या हसल्या. "उत्तम असा कोठी व्हता?"

"कान पाहा. सुपड्या म्हणायची ना पोरं?"

"उत्तमले?" त्यांनी टाकाकडे पाहिलं. "त्याचे कान कोठी पुढं व्हते? कायबी बोलता."

"कपाळ पाहा मग. गोऱ्ह्यानं शिंग मारलं होतं. तुम्ही हळद भरलीत, दोन कोस चालत नेलंत त्याला. रागावला की खूण पांढरी होते, तुम्हीच सांगितलं मला."

त्या आठवू लागल्या. मनापासून आठवत होत्या, ते मला दिसत होतं. ओठ हलत होते. मग पुन्हा त्यांची नजर देव्हाऱ्याकडे गेली आणि चेहरा निवला. "नाई, मास्तर. उत्तमचं कपाळ कोरं व्हतं. हे पाहा ना."

फोटो उलटा केला. मागे नाव होतं, नंबर होता, गाव होतं. मी वाचून दाखवलं.

"हापिसात हजार कागद असतेत," त्या म्हणाल्या. "चुकलं असन कोणाचं."

मी मांडी घालून त्यांच्यासमोर बसलो. "सुभद्राबाई, चूक माझी आहे. तिकिटावरचा जवान चित्रकारानं काढलेला असतो. तो कोणाचाच मुलगा नसतो. तुम्ही विचारलंत तेव्हा मला माहीत होतं. मी खोटं बोललो."

वाटलं, आता उठा म्हणतील. तेही चाललं असतं. त्यांनी हात पुढे करून माझ्या कपाळाला लावला.

"तुमची तब्येत बरी दिसत नाई. एकटा माणूस, वेळेवर खानं नाई. बसा, भाकर टाकतो गरम." उठता उठता त्यांनी फोटो माझ्या हातात परत दिला. "तुमी कायले खोटं बोलसान माह्याशी? अन् हे लेकरू ज्याचं असन त्याच्या मायले पावतं करा, मास्तर. वाट पाहत असन ती."

मी भाकर खाल्ली. त्यांनी आधी टाकापुढे नैवेद्य ठेवला होता.

दुसऱ्या दिवशी अनुसयाबाई आल्या. त्यांना सगळं कळलं होतं, गावात काय लपून राहतं. मला वाटलं, रागावतील. त्या एवढंच म्हणाल्या, "उशीर केला तुमी." आणि सही करून गेल्या.

सुभद्राबाई पायरीवर येत राहिल्या. म्हणजे मला पाहिजे होतं ते मिळालं. माझी बदली होईपर्यंत एक दुपार चुकली नाही. उत्तमच्या गोष्टी चालूच होत्या, फक्त त्यांतला उत्तम हळूहळू बदलत गेला. तो लहानपणीही ताठ उभा राहायचा, शाळेतही त्याला कोणी चिडवायचं नाही. गोऱ्हा होता, पण त्यानं शिंग मारलं नाही. उत्तमनंच त्याला वेसणीला धरून वळवला. मी ऐकायचो आणि हूं म्हणायचो. खरा उत्तम मागच्या खोलीत माझ्या ट्रंकेत होता, आणि त्याला ओळखणारा सबंध गावात मी एकटा होतो, ज्यानं त्याला कधी पाहिलंच नाही.

बदली झाली त्या दिवशी त्या एस.टी.पर्यंत आल्या. "पत्र धाडा," म्हणाल्या. मी धाडायचो. त्यांना ती कोण वाचून दाखवत होतं, कोणास ठाऊक. चार-पाच वर्षांनी अनुसयाबाईंच्या भावाचं कार्ड आलं. सुभद्राबाई गेल्या. मागे पूजा करणारं कोणी नाही, म्हणून गावकऱ्यांनी टाक पैनगंगेत सोडला. कार्डाच्या शेवटी लिहिलं होतं, 'ताईने कळवण्यास सांगितले.' माझ्या नावानं आलेल्या पत्रांपैकी तेवढं एक मी जपून ठेवलं आहे.

आता बुलढाण्यातल्या या खोलीत फोटो भिंतीवर आहे. दर पावसाळ्यानंतर चौकट उघडून मागची बाजू पाहतो, वाळवी लागली नाही ना. नवीन आलेलं माणूस विचारतं, "चिरंजीव का तुमचे?" मी 'असेल' म्हणत नाही. तो शब्द मी बोलण्यातून काढून टाकला आहे. नाही म्हणतो, आणि हा कोण ते सांगायला लागतो. कान, गोऱ्हा, हळद, दोन कोस, इथवर येईपर्यंत ऐकणाऱ्याला काहीतरी काम आठवतं.

मी गेल्यावर ही खोली कोणीतरी रिकामी करील. भिंतीवरचा फोटो त्याच्या हाती लागेल आणि तो आपल्या मनानं काहीतरी ठरवील. म्हणून परवा मी फोटो उतरवला आणि मागे, त्या जुन्या नंबराच्या खाली, पोस्टात पत्ते लिहायचो तशा ठळक अक्षरांत लिहून ठेवलं: उत्तम. सुभद्राबाईंचा मुलगा. कपाळावरची खूण गोऱ्ह्याच्या शिंगाची आहे.